तळपायाची मेंदी

तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. अब्बांनी लावली, मी वाढवली. या बागेने मला एक सवय लावली. पान पाहून घाईने निर्णय घ्यायचा नाही, आधी तपासून घ्यायचं. बागेत ही सवय मी वीस वर्षं पाळली. घरात मात्र पाळली नाही. त्याचीच ही हकिगत आहे. लिहावी की नाही, याचा पुष्कळ विचार केला. शेवटी मुलांच्या अम्मीला विचारलं. ती म्हणाली, "लिहा. माझ्यासारख्या खूप जणी आहेत." तिच्या परवानगीने लिहितो आहे.

आधी बागेचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली फळछाटणी. दोन्ही छाटण्यांनंतर आम्ही देठ परीक्षण करतो. खरड छाटणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी, काडीत पुढच्या वर्षीचे घड ठरत असतात तेव्हा, बुडापासून पाचव्या पानाचा देठ घ्यायचा. फळछाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आली की घडासमोरच्या पानाचा देठ घ्यायचा. बागेतून नागमोडी चालत शंभरावर देठ गोळा करायचे, कागदी पिशवीत घालायचे आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायचे. देठच का? कारण मुळांनी घेतलेलं अन्न पानात जातं ते देठातून. माणसाचं रक्त काढून बघावं, तसं हे.

काही वर्षांपूर्वी फळछाटणीनंतर बागेत पानांच्या कडा करपू लागल्या. जुन्या पानांपासून सुरुवात झाली. जो येई तो एकच सांगे, पोटॅश कमी पडलं. मलाही तसंच वाटत होतं, कारण पोटॅश कमी पडल्यावरही कडा अशाच जळतात. दुकानदाराने म्युरेट ऑफ पोटॅशची पोती काढूनही ठेवली होती. पण देठ तपासायला दिलेले होते, म्हणून म्हटलं, अहवाल येऊ दे.

अहवाल आला. पोटॅश कामापुरतं होतं. वाढले होते ते सोडियम आणि क्लोराइड. दोन वर्षं पाऊस कमी झालेला, बोअर खाली गेलेली, आणि तिच्या मचूळ पाण्यातला क्षार थेंबाथेंबाने वेलींत जात होता. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये जवळपास निम्मं क्लोराइडच असतं. म्हणजे औषध म्हणून मी वेलीला तेच दिलं असतं, ज्याने ती आजारी होती. मग शेततळ्याचं साठवलेलं पाणी वापरलं, निचऱ्याचे चर मोकळे केले, शेणखत वाढवलं, आणि पुढे गरजेप्रमाणे सल्फेट ऑफ पोटॅश दिलं. त्या वर्षी माल थोडा कमी निघाला, पण बाग वाचली.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगत असे, "डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, देठ तपासा." गावात लोक मला हसून देठवाले चाचा म्हणू लागले.

आमची थोरली मुलगी बारावीनंतर प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा डिप्लोमा करून सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली. एकदा मी तिला देठाचा अहवाल दाखवला. सोडियम आणि पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर मोजल्याचं त्यात लिहिलं होतं. ती म्हणाली, "अब्बा, हे यंत्र आम्हाला कॉलेजात शिकवलं आहे. माणसाच्या रक्तातलं सोडियम-पोटॅशियमही पूर्वी यावरच मोजायचे." मग तिने मला समजावलं. नमुन्याचं पाणी ज्योतीत फवारतात. सोडियम असेल तर ज्योत पिवळी होते, पोटॅशियम असेल तर फिकट जांभळी. त्या रंगाचा उजेड किती आहे, ते यंत्र मोजतं. वेलीचा देठ असो की माणसाचं रक्त, ज्योतीला फरक पडत नाही. मला मोठी मौज वाटली. लेक माझ्याच धंद्यातली निघाली, असं मी चारचौघांत सांगत फिरलो.

आणि त्याच काळात, त्याच घरात, मुलांची अम्मी रात्री तीन-तीनदा पाण्यासाठी उठत होती.

मला ते दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. उन्हाळा आहे, तहान लागणारच, असं मी धरून चाललो. ती दमायची, तेव्हा म्हणायचो की वय झालं. तळपायांची आग व्हायची, म्हणून ती मेंदी भिजवून तळव्यांना लावायची. आमच्याकडे बायका उन्हाळ्यात लावतातच. दादी लावायची, अम्मा लावायची. मेंदीने थंडावा मिळतो. तळवे कायम लालभडक असायचे आणि छानही दिसायचे. पुढे पुढे ती म्हणू लागली की आता आग कमी झाली. मी म्हटलं, बघ, मेंदीने गुण आला.

गावच्या आशाताई एकदा फॉर्म घेऊन आल्या होत्या. वयाची तिशी ओलांडलेल्या सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात, त्याचा तो फॉर्म. मुलांच्या अम्मीने मला पुढे केलं, "पहले इनका देखो," आणि स्वतः चहा ठेवायला आत गेली. माझं वजन, कंबर, सगळं लिहून झालं. मी उपकेंद्रात जाऊन साखर तपासून आलो, चांगली निघाली. तिचा फॉर्म अर्धाच राहिला. आशाताईंनी दोनदा निरोप पाठवला. एकदा घरी पाहुणे होते, एकदा बागेत मजूर होते. मीही म्हटलं नाही की चल, मी नेतो. देठाची पिशवी मात्र त्याच आठवड्यात मी स्वतः मोटारसायकलवरून पोचवून आलो होतो.

रमजान आला तो बेदाण्याच्या हंगामात. शेडवर रॅक भरलेले, ऊन कडक, घरात सगळ्यांचे रोजे. सकाळपासून ती शेडवर असायची, दुपारनंतर इफ्तारच्या तयारीला लागायची. शेडजवळची फरशी दुपारी तव्यासारखी तापते. ती अनवाणीच ये-जा करायची. मी म्हटलं, "चटके बसत नाहीत का?" ती म्हणाली, "सवय झाली." मला कौतुक वाटलं.

चांदरातीला मुलगी सांगलीहून आली. रात्री कामं आटोपल्यावर तिने अम्मीच्या हातांवर मेंदी काढली. मग म्हणाली, "पायांनाही लावते." अम्मी नको नको म्हणत होती, पण लेकीने पाय मांडीवर ओढून घेतला. जुनी मेंदी फिकी झाली होती. मुलीने ओल्या कपड्याने तळवा पुसला आणि थांबली. अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड होता. फुटलेला, आतून ओला आणि कडेने काळसर.

"अम्मी, हे कधी झालं?"

"काय झालं?"

"इथे जखम आहे. दुखत नाही?"

"कुछ नई दुखता," ती हसून म्हणाली.

मुलीने जखमेच्या शेजारी बोट दाबलं. "आता?" अम्मीने मान हलवली, नाही. मुलगी गप्प झाली. मी पलंगावर बसून हिशेबाची वही बघत होतो. मी म्हटलं, "दुखत नाही ना, मग एवढं काय?" तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अब्बा, दुखत नाही म्हणूनच मला भीती वाटते."

ईदच्या दिवशी पहाटे, शीरखुर्मा चुलीवर असताना, तिने बॅगेतून ग्लुकोमीटर काढला. अम्मीच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब पट्टीला लावला. त्या पट्टीवर एक विकर असतं. रक्तातल्या साखरेशी त्याची क्रिया होऊन अगदी बारीक वीज निर्माण होते. यंत्र ती वीज मोजतं आणि साखरेचा आकडा दाखवतं. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १२६ किंवा त्याच्या वर गेली की मधुमेहाची शंका घट्ट होते. आकडा आला २३८.

मी ईदगाहला गेलो. नमाज झाली, गळाभेटी झाल्या. लोक मुबारकबाद देत होते आणि माझ्या डोक्यात मुलीने निघताना विचारलेला एकच प्रश्न होता. "अब्बा, देठ वर्षातून दोनदा तपासता. अम्मीचं रक्त शेवटचं कधी तपासलं होतं?" मला आठवलं ते धाकट्याच्या बाळंतपणात. धाकटा आता एकोणीस वर्षांचा आहे.

ईदनंतर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एचबीएवनसी ही तपासणी सांगितली. तिची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. आपल्या रक्तातल्या लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात. रक्तात साखर जास्त असली की ती पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते, आणि चिकटलेली साखर पेशी मरेपर्यंत राहते. म्हणून हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची कहाणी सांगतो. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड सोडून त्याला फसवता येत नाही. मधुमेही माणसांच्या हिमोग्लोबिनमधला हा फरक १९६८ च्या सुमारास तेहरान विद्यापीठात सॅम्युएल रहबर यांनी ओळखला. आज जगभर हीच तपासणी करतात. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह. आमचा अहवाल १०.४ चा होता. अंगात रक्त कमी असलं तर हा आकडा फसवू शकतो, आणि आपल्या बायकांमध्ये रक्त कमी असणं नवीन नाही. म्हणून डॉक्टरांनी हिमोग्लोबिनही बघितलं.

मग त्यांनी एक साधी वस्तू काढली. एक दांडी आणि तिच्या टोकाला नायलॉनचा आखूड धागा, मासे धरायच्या गळाला असतो तसा. हा धागा बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडला की वाकतो. ते म्हणाले, "चाची, डोळे मिटा. पायाला काही लागलं की हो म्हणा." धागा तळव्याला लागत होता, वाकत होता, आणि मुलांची अम्मी गप्प होती. डावा पाय झाला, उजवा पाय झाला. दोन-तीनदाच "हो" आलं. ती डोळे मिटून वाट पाहत होती की डॉक्टर कधी सुरू करतात. मी शेजारी उभा राहून सगळं बघत होतो. वीस वर्षांत कुठल्याही अहवालाने माझ्या पोटात असं धस्स झालं नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. सगळ्यांत लांब नसा पायांच्या, म्हणून त्रास पायांपासून सुरू होतो. आधी आग होते, मुंग्या येतात. मग नस मरत जाते आणि आगही थांबते. आम्ही समजलो मेंदीने गुण आला. खरं म्हणजे कळवणारी नसच गप्प झाली होती.

लघवीतलं अल्ब्युमिन तपासलं. मूत्रपिंडाला इजा होऊ लागली की हे प्रथिन लघवीत झिरपू लागतं, माणसाला काही जाणवायच्या कितीतरी आधी. अल्लाहचा शुक्र की ते ठीक निघालं. डोळ्यांत औषध घालून बाहुली मोठी केली आणि आतल्या पडद्याची तपासणी झाली. तिथे शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या चिरफाड न करता थेट दिसतात. लाल ठिपके दिसले, पण सुरुवातीचे. पायाची जखम भरायला दोन महिने लागले. अंगठा वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी काही आठवडे गेले असते तर सांगता आलं नसतं.

त्याच उन्हाळ्यात मी एका शेतकरी मेळाव्याला गेलो होतो. तिथे एका शास्त्रज्ञांनी पडद्यावर बागेचं उष्णतेचं छायाचित्र दाखवलं. साध्या डोळ्यांना सगळ्या ओळी सारख्याच हिरव्या होत्या. पण त्या कॅमेऱ्यात काही ओळी जास्त तापलेल्या दिसत होत्या. पाणी कमी पडलं की पान आपली रंध्रं मिटून घेतं. त्यामुळे बाष्प बाहेर पडत नाही, पान गार होत नाही, आणि मलूल दिसण्याआधीच त्याला ताप चढतो. उपग्रहावरूनही असंच बघतात. निरोगी पान तांबडा उजेड शोषून घेतं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकतं. पान आजारी पडू लागलं की हे प्रमाण बदलतं, आणि ते पिवळं पडण्याआधीच यंत्राला कळू शकतं.

सगळे टाळ्या वाजवत होते. मला मात्र तापलेली फरशी आणि तिच्यावरून चालणारे अनवाणी पाय दिसत होते. पानाला तोंड नाही, म्हणून माणसाने त्याच्यासाठी एवढी यंत्रं शोधली. आमच्या घरातल्या माणसाला तोंड होतं. पण "मला काही झालं नाही" एवढंच बोलायची तिला सवय लागली होती, आणि ते खरं मानणं मला सोयीचं होतं.

आपल्याकडे काही जण म्हणतात, तपासून काय करायचं, अल्लाहची मर्जी असेल ते होईल. हे मला पटत नाही. प्रत्येक आजाराला इलाज आहे, तो शोधा, हीच तर आपल्याला शिकवण आहे. इब्न सीना यांच्या 'अल-कानून'मध्ये नाडी आणि लघवी कशी तपासावी, याचं सविस्तर विवेचन आहे. अल-राझी यांनी देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार कसे ओळखावेत, यावर ग्रंथ लिहिला. हजार वर्षांपूर्वी आपल्या हकिमांनी तपासणीला तवक्कुलच्या विरुद्ध मानलं नाही. मग आपण का मानावं?

यंदाच्या रमजानची गोष्ट सांगून थांबतो. गोळ्या, जेवणात बदल आणि रोजचं चालणं यांनी तिचा एचबीएवनसी ७.१ वर आला होता. तिला रोजे ठेवायचे होते. रमजानच्या दीड-दोन महिने आधीच आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पुन्हा तपासण्या केल्या, गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलल्या आणि परवानगी दिली, पण एका अटीवर. दिवसातून काही वेळा साखर मोजायची, आणि ती ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा त्याच क्षणी सोडायचा, घड्याळ बघायचं नाही. बोटाला सुई टोचल्याने रोजा तुटतो का, ही शंका होती. मशिदीच्या मौलानासाहेबांना विचारलं. ते म्हणाले, एवढ्याने रोजा तुटत नाही. आणि आजारी माणसाला अल्लाहने सवलत दिली आहे, ती घेण्यात गुन्हा नाही.

सतरावा रोजा होता. असरच्या नमाजनंतर तिला घाम फुटला. साखर मोजली तर ६४. मगरिबला दीड तास राहिला होता. ती म्हणाली, "एवढाच वेळ आहे, काढते मी." मी काही बोललो नाही. यंत्र तिच्यासमोर ठेवलं. तिने आकड्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग स्वतःच्या हाताने खजूर उचलला, बिस्मिल्लाह म्हटलं आणि तोंडात घातला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, साखर ९२ झाली होती. तो रोजा तिने ईदनंतर, डॉक्टरांना विचारून, कजा म्हणून पूर्ण केला.

अहवालापुढे मन मागे घेणं सोपं नसतं. म्युरेटची पोती परत पाठवताना मला जड गेलं होतं. तिचं तर काहीच नाही त्यापुढे.

आता माझी वाचकांना एवढीच विनंती आहे. भाईंनो, घरातल्या बाईने "मला काही झालं नाही" म्हटलं की तेवढ्यावर थांबू नका. तिला स्वतः घेऊन जा. बहिणींनो, आशाताई आल्या की चहा नंतर ठेवा, आधी तुमचा फॉर्म भरून घ्या. रात्री पाण्यासाठी उठावं लागणं, पायांना मुंग्या येणं, जखम लवकर न भरणं, ही वयाची लक्षणं म्हणून सोडून देऊ नका. साखरेची तपासणी एका थेंबाची आहे. आणि मधुमेह निघाला तर पाय, डोळे आणि लघवी यांची तपासणी दरवर्षी करून घ्या, काही त्रास नसला तरी. त्रास नसतानाच ती करायची असते.

आमच्या घरी आता रोज रात्री इशानंतर मी तिच्या तळव्याखाली लहान आरसा धरतो. कुठे लाली आहे का, चीर आहे का, फोड आहे का, दोघं मिळून बघतो. डॉक्टरांनी सांगितलं आहे की तळव्यांना मेंदी लावायची नाही, तिच्या रंगाखाली जखमेची लाली दिसत नाही. या चांदरातीला मुलीने अम्मीच्या हातांवर मेंदी काढली, अगदी कोपरापर्यंत. पाय मात्र नुसते धुतले, पुसले आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या. मग डोळे मिटायला सांगून दहा ठिकाणी हलकेच बोट लावलं. सहा ठिकाणी "हो" आलं.